आम्ल, आम्लारी, क्षार आणि विरघळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राचे वर्गात जेवढे प्रश्न येतात, त्याहून जास्त वर्गाबाहेर येतात. लेकराला शिकवणीला सोडायला आलेले वडील विचारतात, ठिबकच्या नळ्या सारख्या का चोंदतात? आई म्हणते, बोअरच्या पाण्यात डाळ शिजतच नाही. दोघांचंही उत्तर लेकराच्या दप्तरातल्या एकाच धड्यात असतं, पण तो धडा परीक्षेसाठी वाचलेला असतो, घरासाठी नाही. आमच्याकडे लातूर-परभणीच्या बाजूला पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केलेत. काही विद्यार्थ्यांचे आहेत, काही शेतकऱ्यांचे, काही स्वयंपाकघरातले.

आम्ल म्हणजे नेमकं काय? आंबट लागतं ते आम्ल, एवढं पुरेसं आहे का?

चाखून ठरवायचं नसतं, त्यामुळे पुरेसं नाही. पाण्यात गेल्यावर हायड्रोजनचे धनभारित आयन (विद्युतभार असलेले कण) देतं ते आम्ल. पाण्यात गेल्यावर हायड्रॉक्साइड आयन देतं ते आम्लारी. यातलं ‘पाण्यात गेल्यावर’ पोरं पाठांतरात गाळतात आणि सगळा घोळ तिथंच होतो.

घरी करून बघा. कोरड्या बशीत चमचाभर लिंबूसत्त्व आणि चमचाभर खायचा सोडा मिसळा. काही होत नाही. तासभर ठेवलं तरी होत नाही. मग वरून दोन थेंब पाणी टाका, लगेच फसफसतं. आम्लही तिथंच होतं आणि सोडाही तिथंच होता, फक्त पाण्यावाचून दोघं गप्प बसले होते. कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू कोरड्या निळ्या लिटमसचा रंग बदलत नाही, हा बोर्डाच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्नही याच जातीचा आहे.

पाण्यात गेल्यावर पदार्थ आयनांत फुटतो, हे स्वीडनच्या स्वान्त अऱ्हेनियसनं १८८४ च्या प्रबंधात मांडलं. परीक्षकांना ते फारसं पटलं नाही, त्यांनी खालचा दर्जा दिला. त्याच कामासाठी त्याला १९०३ साली नोबेल मिळालं. कमी गुण पडलेल्या लेकरांना मी हे मुद्दाम सांगतो.

आम्लारी, अल्क, क्षार, खार: हे एकच आहेत की वेगळे?

वेगळे आहेत, आणि गोंधळ तुमचा नाही, भाषेचा आहे. शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगातून होणारा पदार्थ: मीठ, तुरटी, मोरचूद, जिप्सम. ‘आमच्या पाण्यात क्षार लई आहेत’ असं गावात म्हणतात, तेही याच अर्थानं आणि अगदी बरोबर म्हणतात. पण आयुर्वेदात क्षार म्हणजे राखेपासून काढलेला दाहक पदार्थ, म्हणजे आपल्या भाषेत आम्लारी. वर्तमानपत्रं आणि पाण्याच्या मशीनवाले ‘क्षारीय’ हा शब्द सामू (पीएच) ७ च्या वर असलेल्या पाण्यासाठी वापरतात. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटलेत, म्हणून ‘खारं पाणी’ आणि ‘क्षारीय पाणी’ एकच समजलं जातं. समुद्राइतकं खारं करूनही मिठाचं शुद्ध पाणी उदासीनच (ना आम्लधर्मी, ना आम्लारीधर्मी) असतं, आणि चुन्याची निवळी अजिबात खारट नसून तीव्र आम्लारीधर्मी असते.

राहिला अल्क. पाण्यात चांगली विरघळणारी आम्लारी म्हणजे अल्क. कॉस्टिक सोडा हा अल्क आहे. कॉपर हायड्रॉक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही म्हणून अल्क नाही. परीक्षेत एवढं वाक्य पुरतं.

लिटमस नसेल तर घरी कशानं ओळखायचं?

हळदीनं. वसमतच्या मोंढ्यावरची असो की किराणा दुकानातली, हळद पाण्यात कालवून सोख्त्यावर किंवा पांढऱ्या कागदावर पसरा, वाळवा, पट्ट्या कापा. आम्लारी लागली की पिवळी पट्टी लालसर तपकिरी होते. शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावल्यावर एकदम लाल होतो आणि पाण्यानं खळबळला की परत पिवळा होतो, ते हेच. हळदीत चुना मिसळून कुंकू करायची जुनी रीतही यावरच चालते.

एक मर्यादा लक्षात ठेवा. हळद आम्लात आणि साध्या पाण्यात सारखीच पिवळी राहते, म्हणून ती फक्त आम्लारी पकडते. दोन्हीकडं रंग बदलणारा दर्शक हवा तर जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवा. ते पाणी लिंबात गडद गुलाबी होतं आणि सोड्यात हिरवट.

सामू म्हणजेच पीएच का? ७ आणि ८ मध्ये असा किती फरक?

हो, माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू म्हणजेच पीएच. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. फरक एकाचा दिसतो, पण असतो दहापटीचा. सामू ६ च्या द्रावणात सामू ७ पेक्षा हायड्रोजन आयन दहापट असतात, सामू ५ मध्ये शंभरपट. अंदाजासाठी: जठररस १.५ ते २, लिंबाचा रस २ ते २.५, ताक ४ ते ४.५, दूध ६.५ च्या जवळपास, रक्त ७.४, साबणाचं पाणी ९ ते १०, चुन्याची निवळी १२ च्या वर.

तीव्र आम्ल आणि संहत आम्ल एकच ना?

नाही. संहत म्हणजे पाणी कमी, आम्ल जास्त. तीव्र म्हणजे जेवढं आम्ल पाण्यात गेलं ते जवळपास सगळं आयनांत फुटलं. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी तीव्रच. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल संहत केलं तरी सौम्यच, कारण त्याचे बहुतेक रेणू अखंड राहतात. सौम्य म्हणजे निरुपद्रवी असा अर्थ मात्र काढू नका, संहत ॲसिटिक आम्लानं कातडी भाजते.

मीठ विरघळतं आणि चुनखडी नाही, असं का?

दोन्ही क्षारच, दोन्ही आयनांचे बनलेले. पाण्याचे रेणू आयनांना आपल्याकडं ओढतात आणि आयन एकमेकांना धरून ठेवतात. या ओढाताणीत कोण जिंकतं त्यावर विरघळणं ठरतं. मिठात सोडियम आणि क्लोराइड, दोघांवर एकेकच भार, पकड बेताची. चुनखडीत कॅल्शियम आणि कार्बोनेट, दोघांवर दोन-दोन भार, पकड घट्ट. भार हे एकमेव कारण नव्हे, पण सुरुवात तिथून करायला हरकत नाही.

आकडे पाहिले की फरक अंगावर येतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात मीठ सुमारे ३६० ग्रॅम विरघळतं, साखर दोन किलो, युरिया एक किलोच्या वर. जिप्सम जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. शुद्ध पाण्यात चुनखडी ग्रॅमच्या शंभराव्या भागाच्या आसपास. ‘अविद्राव्य’ या शब्दाचा खरा अर्थ ‘अत्यंत थोडा विद्राव्य’ असा आहे, शून्य कुणीच नाही.

पाणी गरम केलं की सगळंच जास्त विरघळतं का?

बहुतेक घन पदार्थांचं तसं होतं, पण प्रमाण फार वेगवेगळं असतं. मीठ २० अंशाला लिटरमागं ३६० ग्रॅम, आणि उकळत्या पाण्यातही साधारण ३९० ते ४०० च. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) मात्र थंड पाण्यात तीनशेच्या आसपास आणि उकळत्यात दोन किलोच्या वर जातो, म्हणून सोऱ्याचे स्फटिक थंड करून पाडता येतात, मिठाचे स्फटिक पाणी आटवूनच पाडावे लागतात.

चुना उलटा चालतो. थंड पाण्यात लिटरमागं सुमारे १.७ ग्रॅम, उकळत्यात निम्म्याहूनही कमी. चुन्याची स्वच्छ निवळी तापवली तर गढूळ होते. मुलांना हे सांगून पटत नाही, चमच्यात धरून तापवून दाखवावं लागतं.

युरिया विरघळवताना बादली गार पडते, कारण त्याला विरघळायला उष्णता लागते आणि ती तो पाण्यातूनच घेतो. हिवाळ्यात पहाटे फवारणीचं टिपाड कालवताना खत तळाशी बसतं याचं एक कारण हे आहे.

विद्राव्यतेचे नियम लक्षातच राहत नाहीत.

सगळे पाठ करू नका. सोडियम, पोटॅशियम, अमोनियम यांचे क्षार आणि सगळे नायट्रेट विरघळतात, हे पक्कं ठेवा. मग अपवादांची यादी: क्लोराइडांत चांदी आणि शिसं, सल्फेटांत बेरियम आणि शिसं (कॅल्शियम थोडंसंच विरघळतं). कार्बोनेट, फॉस्फेट, हायड्रॉक्साइड हे सोडियम-पोटॅशियम मंडळी सोडली तर साधारण विरघळत नाहीत. दहावी-बारावीला एवढ्यावर निभतं.

बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ का शिजत नाही?

तुरीच्या डाळीच्या बाजारपेठेसाठी लातूर ओळखलं जातं आणि त्याच लातुरात घरोघरी हा प्रश्न. आपला खडक काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, आणि मातीत जागोजाग चुनखडीचे खडे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि खडक-चुनखडीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सोबत घेऊन बोअरमध्ये येतं. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिननं चिकटलेल्या असतात. पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. मग कुकरच्या शिट्ट्या मोजत बसायचं.

चिमूटभर खायचा सोडा टाकला की डाळ मऊ होते, कारण सोडा पाणी आम्लारीधर्मी करतो आणि पेक्टिन सुटतं. चिमूटच टाका. जास्त सोड्यानं चव साबणासारखी होते आणि बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. जमत असेल तर डाळीपुरतं पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्यावं हे माझं मत. आणि चिंच डाळ शिजल्यावरच, आधी नाही: आम्लातही पेक्टिन टिकून राहतं. आमच्या घरात हा नियम आजीला ठाऊक होता, त्यामागचं कारण मला नंतर कळलं.

कपडे धुताना फेस येत नाही, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, त्याचंही कारण हेच?

हेच. साबण हा सोडियमचा क्षार, म्हणून विरघळतो. कॅल्शियम भेटलं की त्याचा कॅल्शियमचा क्षार होतो, तो विरघळत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरट साका बसतो. तेवढा साबण वाया.

कॉइलवरच्या थराची गोष्ट जरा वेगळी. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी केलेला असतो. पण फुंकत राहिलं तर ती परत स्वच्छ होते, हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, कारण सर तेवढा वेळ देत नाहीत. आधी तयार झालेलं कॅल्शियम कार्बोनेट अविद्राव्य, म्हणून दुधाळ. जादा कार्बन डायऑक्साइडनं त्याचं बायकार्बोनेट होतं, ते विद्राव्य, म्हणून स्वच्छ. ती स्वच्छ निवळी आता उकळा, वायू निघून जातो आणि पुन्हा दुधाळ. तुमच्या हीटरमध्ये रोज सकाळी हा तिसरा टप्पा घडतो.

पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असण्याला पाण्याचा कठीणपणा म्हणतात. म्हणून बायकार्बोनेटचा कठीणपणा उकळून जातो, त्याला अस्थायी कठीणपणा म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइडचा जात नाही. कॉइलवरचा थर खरवडू नका, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, फसफसून सुटतो. हीटरची पिन काढून, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचा टीडीएस किती असावा?

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ लिटरमागं ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणा २००, नाइलाजानं ६०० पर्यंत. सामू ६.५ ते ८.५. टीडीएसचं खिशातलं यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजून अंदाज सांगतं. कोणते क्षार आहेत ते सांगत नाही, जंतू आहेत का तेही सांगत नाही. आकडा कमी म्हणून पाणी चांगलं, हा विक्रेत्यांनी पसरवलेला समज.

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा कुणी टीडीएस विचारला नव्हता. पण टंचाईत बोअर खोल जातात, आणि खडकात जास्त काळ राहिलेल्या पाण्यात साधारणपणे क्षारही जास्त असतात, म्हणून दुष्काळी वर्षात हा प्रश्न वाढतो.

ठिबकमधून खतं सोडली आणि ड्रिपर बंद पडले. खत तर ‘शंभर टक्के विद्राव्य’ लिहिलेलं होतं!

खत विद्राव्यच होतं. चूक दोन विद्राव्य खतं एका टाकीत घालण्यात झाली. कॅल्शियम नायट्रेट स्वतः विरघळतं. बारा-एकसष्ट (फॉस्फेटचं खत) स्वतः विरघळतं. दोन्ही एकत्र आली की कॅल्शियम आणि फॉस्फेट एकमेकांना धरतात आणि कॅल्शियम फॉस्फेट साक्यासारखं खाली बसतं. झिरो-बावन्न-चौतीस या फॉस्फेटच्याच खताचंही तेच. झिरो-झिरो-पन्नास (पोटॅशियम सल्फेट) किंवा मॅग्नेशियम सल्फेटसोबत कॅल्शियम नायट्रेट घातलं तर जिप्सम तयार होतं, आणि जिप्सम किती थोडं विरघळतं ते वर आलंच आहे. म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेलं कॅल्शियम नळीत प्लास्टर होऊन बसलं.

कॅल्शियम नायट्रेट नेहमी एकटं सोडा, बाकीची दुसऱ्या दिवशी. शंका असेल तर काचेच्या बरणीत तुमच्याच बोअरचं पाणी घेऊन दोन्ही खतं त्याच प्रमाणात कालवा आणि अर्धा तास ठेवा. पाणी दुधाळ झालं तर टाकीत मिसळायचं नाही. ही परीक्षा फुकट आहे, तरी आमच्या भागात दहातला एखादाच करतो. तुमच्याच पाण्यात करा असं म्हणण्याला कारण आहे: कठीण पाण्यात आधीच कॅल्शियम असतं, त्यामुळे फॉस्फेटचं खत एकटं असलं तरी कधीकधी गढूळ होतं.

चोंदलेल्या नळ्यांना ॲसिड सोडतात, ते कसं काम करतं? घरी करावं का?

साठलेला थर बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा. हायड्रोक्लोरिक आम्लात त्याचं कॅल्शियम क्लोराइड होतं, जे झकास विरघळतं, आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. नळीतल्या पाण्याचा सामू ४ च्या खाली येईल एवढं आम्ल सोडतात, संच बंद करून आत मुरू देतात, बहुधा दुसऱ्या दिवशी शेवटची टोकं उघडून धुऊन काढतात. थर जिप्समचा असेल तर या आम्लानं विशेष काही होत नाही. शेवाळ असेल तर क्लोरीन लागतं, पण आम्ल आणि क्लोरीनचं औषध कधीही एका वेळी नाही (का, ते पुढं आहे).

करायचं तर हातमोजे, चष्मा, आणि पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही. सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या जवळपास पावणेदोन पट जड (घनता १.८४) आणि पाण्यात मिसळताना प्रचंड उष्णता सोडतं. वरून पाणी ओतलं तर ते वरच्या वर उकळतं आणि आम्लासकट तोंडावर उडतं. नवीन नोकरीत असताना घाईत मी हा क्रम उलटा केला होता. कोपरापासून बाही गेली, हात थोडक्यात वाचला. तेव्हापासून वर्गात हे वाक्य मी फळ्यावरून पुसत नाही.

बोर्डो मिश्रण बरोबर झालं हे कसं ओळखायचं?

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. एक टक्का बोर्डोसाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या टिपाडांत कालवून मग ढवळत एकत्र करायचं. लोखंडी भांडं नको, कारण मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळायला लागतं.

हाच दोष तपासणीला कामाला येतो. घासून चकचकीत केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ धरा. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, मिश्रण आम्लधर्मी आहे, पानं भाजतील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याचं पाणी घाला. मिश्रण त्याच दिवशी वापरा.

जमिनीत चुना टाकला की सुपीक होते असं वाचलं. आमच्या रानात टाकू का?

नका टाकू. तो सल्ला कोकणातल्या आम्लधर्मी लाल मातीचा आहे, फिरत फिरत तुमच्या फोनवर आला. मराठवाड्याच्या काळ्या मातीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो आणि चुनखडी तिच्यात आधीच भरपूर. अशा मातीत लोह असतं, पण सामू जास्त असल्यानं ते अविद्राव्य रूपात अडकून पडतं. जालन्याकडच्या मोसंबीची किंवा सोयाबीनची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात, ती बहुतेकदा या लोहाच्या उपासमारीनं. जमिनीत नुसतं हिराकस (लोहाचं सल्फेट) टाकलं तर तेही लवकरच अडकतं, म्हणून फवारणी करतात किंवा चिलेटेड लोह देतात. चिलेट म्हणजे लोहाला चहूबाजूंनी धरून विद्राव्य ठेवणारा रेणू.

खारवट आणि चोपण यातही गल्लत होते. खारवट जमिनीत विद्राव्य क्षार जास्त, सामू ८.५ च्या खाली, वर पांढरा थर. निचरा काढून गोड्या पाण्यानं धुतली की सुधारते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेलं, सामू ८.५ च्या वर, पाणी मुरत नाही, वाळली की दगड. ती नुसती धुऊन सुधारत नाही. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेट विद्राव्य असतं, मग ते धुऊन जातं. किती जिप्सम, ते माती परीक्षणाशिवाय ठरवू नका.

येळवशीची आंबील पितळेच्या भांड्यात का ठेवत नाहीत?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव रानात असतं, आणि ज्वारीचं पीठ-ताकाची आंबील मातीच्या मडक्यात. ताकातलं लॅक्टिक आम्ल मातीला काही करत नाही. पितळेवरची तांब्याची संयुगं पाण्यात विरघळत नाहीत, आम्लात विरघळतात. म्हणून चिंचेनं पितळ लख्ख होतं, आणि म्हणूनच आंबट पदार्थ त्यात कळकतो. चिंचेनं घासताना जे आपल्याला हवं असतं, तेच आंबील ठेवताना नको असतं.

यावरचा जुना तोडगा म्हणजे कल्हई. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर फिरवतो तेव्हा पांढरा धूर निघतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. उष्णतेनं त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. हायड्रोजन क्लोराइड भांड्यावरचा ऑक्साइड खाऊन टाकतो, धातू उघडा पडतो आणि कथील त्यावर धरतं. उरलेले दोन्ही वायू हवेत गार होऊन पुन्हा नवसागर होतात, तो पांढरा धूर. सिलिंडरच्या स्फोटासारखा धसका घेऊन पोरं लांब पळायची, मी त्यातलाच एक.

क्षार उदासीनच असतात ना?

मीठ उदासीन. धुण्याचा सोडा तीव्र आम्लारी आणि सौम्य आम्ल यांचा, म्हणून त्याचं पाणी आम्लारीधर्मी. नवसागर आणि तुरटी उलट, त्यांचं पाणी आम्लधर्मी. जोडीत जो तीव्र, त्याचा गुण दिसतो.

पित्ताच्या गोळीतलं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळत नाही, मग पोटात कसं चालतं?

पाण्यात नाही, आम्लात विरघळतं. जठरातल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी भिडलं की मॅग्नेशियम क्लोराइड होतं. फायदा असा की आम्ल असेल तेवढंच ते संपतं, उरलेलं गप्प राहतं. खायच्या सोड्यानंही आराम पडतो, पण तो पूर्ण विद्राव्य, वायू होऊन पोट फुगतं आणि सोडियम रक्तात जातं. रक्तदाब असलेल्यांनी सवय लावू नये. जळजळ रोजचीच असेल तर डॉक्टरांना दाखवा.

संडास साफ करायचं ॲसिड आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर एकत्र वापरली तर जास्त स्वच्छ होईल?

अजिबात करू नका. टीसीएल पावडर आणि आम्ल मिळून क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात तो जीवघेणा ठरतो. वास आला तर बाहेर पडा, दार उघडं ठेवा.

लोणारचं पाणी एवढं वेगळं का?

लोणार मराठवाड्यात नाही, बुलढाणा जिल्ह्यात आहे. पण जालन्याच्या वेशीला लागून, म्हणून सहल तिकडंच जाते. खडक आपलाच बेसाल्ट, मुरणारं पाणी आपल्या विहिरींसारखंच. फरक एवढाच की तळ्यातून पाणी बाहेर जायला वाट नाही, ते फक्त उडून जातं. पाणी आटत गेलं की ज्याची विद्राव्यता कमी तो आधी खाली बसतो, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. सोडियम कार्बोनेट आणि मीठ विरघळलेलेच राहतात आणि वर्षानुवर्षं दाट होत जातात. म्हणून सामू १० च्या आसपास. पूर्वी इथून पापडखारासारखे क्षार काढून विकले जात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, ते मात्र क्षारांनी नव्हे, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यानं.

सहलीला जाताना हळदीच्या पट्ट्या बरोबर न्या. काठाजवळच्या गोड्या झऱ्यात पट्टी पिवळीच राहते, आणि थोडं खाली उतरून तळ्यात बुडवली की लाल होते.